गाभडलेल्या गाईचं घर

त्या घरी मी पहिल्यांदा गेले ती एका मेलेल्या वासरामुळे.

फेब्रुवारी संपत आला होता, हरभऱ्याची काढणी चालू होती. ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यावर डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. राहायला परभणीत, रोज स्कूटीवर जाणं-येणं. दवाखान्यात माझ्याशिवाय एकच माणूस होता. कागदावर त्यांचं पद व्रणोपचारक असं होतं, गाव त्यांना ड्रेसर म्हणायचं आणि मी मामा म्हणायचे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं. तीस वर्षं त्यांनी याच पट्ट्यातली जनावरं धरली, पाडली, बांधली होती. कॉलेजात न शिकलेल्या कितीतरी गोष्टी मी त्यांच्याकडून शिकले.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर साठीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. पायजमा, सदरा, गळ्यातल्या दोऱ्यात लिंगाची चांदीची डबी. घाई नाही, आवाज नाही. गाय गाभडली, आठव्या महिन्यातच वासरू टाकलं, काल दुपारपासून जार, म्हणजे वार, पडला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मामा त्यांना ओळखत होते. मी पुढे त्यांना काका म्हणायला लागले.

गोठा घरामागेच होता. पाच जनावरं. गाभडलेली लाल संकरित गाय, एक पांढरी संकरित, देवणी जातीची एक पहिलारू गाय, एक म्हातारी गाय आणि एक म्हैस. गोठा स्वच्छ होता. शेण उचललेलं, दावणीत कडबा कुट्टी करून टाकलेला. लाल गाय मान खाली घालून उभी होती आणि मागे जार लोंबत होता. मी वासरू कुठे आहे विचारलं. उकिरड्यावर टाकलं, काका म्हणाले. जाऊन पाहिलं तर तिथे काही नव्हतं. कुत्र्यांनी ते ओढत नाल्याकडे नेलं होतं.

मामांनी बाही वर केली आणि बादलीत हात धुतला. मी लांब हातमोजे पुढे केले, तर त्यांनी ते नम्रपणे बाजूला ठेवले.

"मॅडम, मोज्यात कळत न्हाई. जार कुठं चिकटलाय ते बोटाला कळावं लागतं."

मी तेव्हा आग्रह केला नाही. हे मला आजही नीट आठवतं, कारण आग्रह करायला हवा होता. मामांनी खांद्यापर्यंत हात घालून अर्ध्या तासात जार काढला. तो पाहिला आणि मला बरं वाटलं नाही. चामड्यासारखा जाड झालेला, जागोजागी पिवळट चिकट थर. वासही वेगळा होता. मी काकांना विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का. दिवाळीच्या सुमाराला पांढरीनं सातव्या महिन्यात टाकलं होतं, ते म्हणाले. तेव्हा म्हशीनं शिंग मारलं असेल असं समजून कुणाला सांगितलं नव्हतं.

हात धुवायला ओट्यावर आलो तेव्हा मी काकूंना पाहिलं. डोक्यावर ऊन चढलेलं, आणि त्या चादर पांघरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच उठून चहा ठेवायचं म्हटलं, मग दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून उठल्या. ताप दिवाळीपासून येत होता. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं लुगडं ओलं करून उतरायचा. आठ-दहा दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरनं टायफाइड सांगून तीनदा सलाइन लावलं होतं. कंबर आणि गुडघे तर सारखेच ठणकायचे.

धारा कोण काढतं, मी विचारलं. त्याच काढायच्या. आणि दिवाळीत पांढरी गाभडली तेव्हा गोठा कुणी धुतला?

"कोण धुणार माय? मीच. जार बी मीच उचलून टाकला."

परत येताना मामा गाडीवर मागे बसले होते. मी त्यांना म्हटलं, मला ब्रुसेला वाटतंय. हा रोग त्यांना माहीत होता. सांसर्गिक गर्भपात असं त्याचं नाव दवाखान्याच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर होतं. पण तक्त्यावरचा रोग वेगळा आणि ओळखीच्या गोठ्यातला वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जनावरांचं रक्त घ्यायला गेले. काकांना ते पटत नव्हतं. आधीच अंगातलं एवढं गेलेल्या गाईचं आणखी रक्त काढायचं, हे त्यांना क्रूर वाटत होतं. आतून काकूंनी सांगितलं, घेऊ द्या. मग त्यांनी स्वतःच एकेकीची मान धरली. देवणीनं उसळी मारली तेव्हा तिच्या कानाशी काहीतरी हळू बोलले आणि ती थांबली. पाच नळ्या भरल्या. दवाखान्यात त्या तिरप्या ठेवून रक्त गोठू दिलं, वर आलेलं पिवळसर पाणी काढून घेतलं, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून परभणीला प्रयोगशाळेत नेलं.

तिथे माझ्या वर्गातली मैत्रीण काम करत होती. तिनं मला शेजारी उभं राहू दिलं. काचेच्या पट्टीवर जनावराच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्याच्या शेजारी गुलाबी रंगाचा एक थेंब, दोन्ही एकत्र करायचे आणि पट्टी हातात धरून हळूहळू फिरवायची. रोग नसला तर थेंब गुलाबीच राहतो, सपाट, एकजीव. असला तर चार मिनिटांच्या आत त्यात बारीक कण धरतात, रव्यासारखे. म्हाताऱ्या गाईचा थेंब सपाट राहिला. म्हशीचाही. लाल गाईच्या थेंबात मिनिटभरातच रवा धरला. पांढरीच्याही. देवणीचा थेंब मी वाकून बघत होते, कारण ती अजून एकदाही व्यायली नव्हती, पाच महिन्यांची गाभण होती. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या कडेला कण दिसायला लागले. मैत्रिणीनं दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा तपासून चार दिवसांनी कागद दिला. पाचांपैकी तीन.

तो कागद घेऊन मी त्यांच्या ओट्यावर बसले. काका समोर, काकू दाराच्या चौकटीशी. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हा रोग गाभडलेल्या वासरातून, जारातून, गोठ्यात सांडलेल्या पाण्यातून एकीकडून दुसरीकडे जातो. दुधात उतरतो. माणसालाही होतो. एकदा जनावराच्या अंगात गेला की कायमचा राहतो. ती वरून धडधाकट दिसेल, खाईल, पिईल, दूध देईल, पण रोग तिच्यात असेल.

काकांनी विचारलं, औषध काय द्यायचं.

मी म्हटलं, जनावराला औषध नाही.

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "औषध न्हाई म्हणता. मग तपासलं कशाला?"

या प्रश्नाची उत्तरं मला पाठ होती. बाकीची जनावरं वाचवण्यासाठी, माणसं वाचवण्यासाठी, गाव वाचवण्यासाठी. ती मी दिली. देताना मला कळत होतं की त्या माणसानं जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. परदेशात अशी गाय मारून टाकतात. आपल्याकडे ते कायद्यानं करता येत नाही, आणि त्या घरात तो शब्द काढायची माझी हिंमतही नव्हती. मी पुढच्या गोष्टी सांगत गेले. तिघींना वेगळं बांधा, त्यांच्या पाण्याची बादली वेगळी ठेवा, निरसं दूध कुणी पिऊ नका, चांगलं उकळा, व्यायच्या वेळी मला बोलवा, वासरू-जार काही पडलं तर छातीइतक्या खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि विकू नका.

शेवटचं सांगताना माझा आवाज खाली गेला असावा. मला वाटलं होतं हेच त्यांना सगळ्यात जड जाईल. ताडकळसच्या आठवडी बाजारात लाल गाय सहज गेली असती. गाभडलेल्या गाईच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं.

"विकत न्हाई," काका म्हणाले. "माझ्या दावणीचं दुखणं दुसऱ्याच्या दावणीला बांधू का?"

काकू मला अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आल्या आणि तिथे हळूच विचारलं, हा जो माणसाला होतो म्हणता तो ताप, तो घामाचा असतो का.

त्यांना परभणीला नेलं तेव्हा मामाही बरोबर आले. एका डॉक्टरांना मी आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. त्यांनी काकूंचं रक्त घेतलं आणि आम्हा दोघांना म्हणाले, तुम्हीही द्या, तुमचा धंदाच असा आहे. मामा नको म्हणत होते. त्यांना काही होत नव्हतं. कंबर दुखायची, पण ती वयानं. गेल्या पावसाळ्यात महिनाभर बारीक ताप होता, पण तो पावसाळ्यानं. मी हट्ट धरला. हातमोज्याच्या वेळी जो धरला नव्हता तो.

माझं रक्त स्वच्छ आलं. काकूंचं आणि मामांचं नाही.

मामांना मी दवाखान्यात, शटर अर्धं ओढून सांगितलं. ते खुर्चीवर बसले, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आहेत, सहा आठवडे, एक दिवसही न चुकवता, मी सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "किती वर्षांपासून असंल ते?"

ते कुणालाच सांगता येत नाही. तीस वर्षांत त्यांनी किती जार काढले असतील ते त्यांना तरी कुठे माहीत होतं. घरी काय सांगायचं, असं ते म्हणाले. मग स्वतःच ठरवलं, कंबरेच्या गोळ्या आहेत म्हणून सांगायचं. त्या दिवसापासून मामा हातमोजे घालायला लागले, माझ्याकडे न बघता. पण पूर्वी जनावराच्या आत बोटांनी चाचपताना ते डोळे मिटून घ्यायचे, तसे आता घेत नसत.

आता जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे.

गावातलं दूध ज्या सेंटरवर जमा व्हायचं तिथून सकाळचं काही दूध थेट ताडकळसच्या हॉटेलांत आणि काही घरांत जायचं. मला ते सांगणं भाग होतं. सेंटर चालवणारा मुलगा समजूतदार होता, शिकलेला होता. मी त्याला म्हटलं, दूध उकळल्याशिवाय कुणी वापरू नये एवढं तू सगळ्यांना सांग. त्यानं विचारलं, कुणाच्या घरी निघालं. मी म्हटलं, नाव सांगता येत नाही. आणि मग, फार जबाबदारीनं वागत असल्यासारखी, मी वर जोडलं की तूर्तास खालच्या आळीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये ठेव.

खालच्या आळीत दूध घालणारी घरं दोनच होती. एका घरची म्हैस आटलेली होती.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका कॅन घेऊन गेले तर त्यांचं दूध घेतलं नाही. निरोगी म्हशीचंही नाही, म्हाताऱ्या गाईचंही नाही. सेंटरचा मुलगा त्यांच्याशी नीट बोलला, पण म्हणाला, बाकीचे घालायचं बंद करतील. मारुतीच्या पाराजवळच्या हौदावर त्यांची जनावरं पाण्याला आली की लोक आपली जनावरं हुसकून बाजूला न्यायला लागले. पुढे तर काका स्वतःच हौदावर जाईनासे झाले, घरीच बादल्यांनी पाणी पाजायला लागले. काकूंच्या तापाचीही बातमी पसरली होती. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं आलं नाही असं मला मामांकडून कळलं. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा जात नाही, हे मी पारावर उभं राहून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी वाद घातला नाही, आणि कुणी बदललंही नाही.

मी माफी मागायला गेले. खालची आळी हा शब्द माझ्या तोंडून गेला, असं सरळ सांगितलं. काका म्हणाले, आज ना उद्या कळलंच असतं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून नजर वर केली नाही. त्या दिवशी मला चहा विचारला नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

मला वाटत होतं की निदान बाकीच्या घरांची तपासणी तरी करून घेऊ. वरून तशी परवानगी आणली, नळ्या आणल्या, मामांना घेऊन घरोघर फिरले. पहिल्या दोन घरांनी गाय शेतात आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरी गाय समोर बांधलेली होती आणि मालकीण दारात उभी होती. माझ्याच वयाची, कडेवर मूल.

"रगत देऊन काय, त्यांच्यासारखं बसायचं का आमी?" ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होती.

त्या दिवशी आम्ही भरलेल्या नळ्या घेऊन परतलो नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात गावात गायी गाभडल्या, पण त्या मला कुणी सांगितल्या नाहीत. मामांना सुगावा लागायचा. कुणीतरी पहाटेच नाल्याकडे काहीतरी घेऊन गेलं, कुणाची आठ महिन्यांची गाभण गाय अचानक रिकामी दिसू लागली, कुणाची बाजारात गेली आणि दुसऱ्या दिवशी दावणीला दुसरीच उभी. आधी लोक निदान जार अडकला की बोलवायचे. आता तेही बंद झालं. घरच्या घरी, हातानं काढायचे. तपासणी करून मी त्या गावातला रोग कमी केला नव्हता. त्याला फक्त आडोशाला जायला शिकवलं होतं.

एकटे काका तेवढे सगळं सांगितल्याप्रमाणे करत राहिले. तिघींसाठी त्यांनी अंगणाच्या कडेला पत्र्याचं वेगळं छप्पर घातलं. बादल्यांना रंगाचे पट्टे मारले. देवणीनं जूनमध्ये नवव्या महिन्याच्या तोंडाशी मेलेलं वासरू टाकलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं, आणि मी पोचेपर्यंत खड्डा तयार होता. खड्ड्यात ठेवण्याआधी त्यांनी वासराच्या कपाळाला भस्म लावलं. आमच्यात माणसाला करतात तसं, ते म्हणाले, जणू माझी परवानगी घेत होते. चुन्याची पोती मीच रिकामी केली.

काकूंच्या गोळ्या संपल्या. ताप गेला. गुडघे तसेच राहिले. उकिडवं बसून धार काढणं त्यांना जमेना, म्हणून काका काढायला लागले. म्हशीचं आणि म्हाताऱ्या गाईचं दूध ते घरीच विरजून तूप कढवायचे. तिघींचं कोण पिणार? ते उकळून पुन्हा त्यांच्याच दावणीत, पेंडीच्या आंबोणात जायचं. त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत होता. तो फोनवर बापाला म्हणायचा, देऊन टाका कुणालाही, कशाला सांभाळता. काका त्याला हो म्हणायचे आणि वैरण टाकायला उठायचे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, दुपारी, काकांचा फोन आला. ते कधी फोनवर पहिलं वाक्य बोलायचे नाहीत, आपण हॅलो म्हटल्यावर थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत.

"मॅडम, लाल व्यायली. जितं हाय."

मी गेले तेव्हा आळीतली माणसं जमली होती. वर्षभरानं त्या अंगणात माणसं बघितली. लाल गाय वासराला चाटत होती. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका, पाय अजून थरथरत होते आणि तरी उभं राहायची धडपड चालली होती. काकू चौकटीत बसून हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. सेंटरचा मुलगाही आला होता. कुणीतरी म्हणालं, बघा, काही रोग न्हवता, उगीच वर्षभर माणसाला वाळीत टाकलं. दुसरा म्हणाला, मशिनीची चूक असंल. माझ्याकडे कुणी रागानं बघितलं नाही. उलट, चूक झालेल्या लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं. सेंटरचा मुलगा काकांना म्हणाला, उद्यापासून दूध घेऊन या.

मला सगळं माहीत होतं. हा रोग असाच वागतो. बहुतेक गायी एकदा गाभडतात, दुसऱ्यांदा जिवंत वासरू देतात, आणि रोग अंगात तसाच राहतो. व्यायल्यावर तर तो सगळ्यात जास्त बाहेर पडतो. त्या अंगणातली ओली जमीन, तो जार, तो चीक, सगळ्यात तो होता, आणि माणसं त्यात अनवाणी उभी होती.

मी गर्दीला मागे सारलं. मामांनी मोजे घालून जार उचलला. सगळे गेल्यावर काका माझ्याजवळ आले आणि विचारलं, आता दूध घालू का.

मी गप्प राहिले असते तर त्यांना त्यांचं गाव परत मिळालं असतं. हे मी त्या क्षणी अगदी स्पष्ट बघितलं, आणि ते मला मोहाचंही वाटलं. पण मी सांगितलं. वासरू जगलं म्हणजे गाय बरी झाली असं नाही. हवं तर पुन्हा रक्त तपासते.

"तपासून तेच निघंल?"

"तेच निघेल."

त्यांनी मान डोलावली. कालवडीचं काय, त्यांनी विचारलं. तिलाही लागलेला असू शकतो, मी म्हटलं. कधीकधी पहिल्यांदा व्यायेपर्यंत तो रक्तात दिसतच नाही. ती चार महिन्यांची झाली की लस टोचू, पण आधीच शिरला असेल तर लशीनं काही होणार नाही. काकू हे सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या, आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका दूध घालायला गेले नाहीत. सेंटरवर जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं की मॅडम म्हणतात रोग तसाच आहे. मामा तिथे होते. त्यांनी मला सांगितलं, की ऐकणारे हसले. एक जण म्हणाला, मॅडमनं याचं डोकं फिरवलंय. तेव्हापासून लोक त्यांना घाबरायचं सोडून त्यांची कीव करायला लागले. मला वाटतं ते जास्त वाईट होतं.

चार महिन्यांनी मी कालवडीला लस टोचली. गावातल्या बाकीच्या कालवडींसाठीही लस आणली होती. लस असल्यामुळे, रक्त काढायचं नसल्यामुळे, सहा घरांनी हो म्हटलं. तेवढंच काय ते त्या गावात माझ्या हातून नीट झालं. मामा तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या निरोपाला आम्ही चौघं होतो. कंबर आता दुखत नाही, असं ते म्हणाले, पण खुर्चीवरून उठताना टेबलाला धरावं लागलं.

त्याच वर्षी माझी बदली सोनपेठला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्या घरी गेले. म्हैस विकली होती, रोग नसल्याचा कागद देऊन, ओळखीच्या घरी. म्हातारी गाय पोळ्याच्या आसपास वयानं गेली. उरल्या त्या तिघी आणि कालवड. कालवड मोठी झाली होती, अंगावर तुकतुकी होती. काकांनी विचारलं, तुमच्या जागी कोण येणार. मी सांगितलं की अजून कुणाची ऑर्डर नाही, तोपर्यंत शेजारच्या गावचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतील.

"मग हिची तपासणी?" ते कालवडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले.

मी शेजारच्या डॉक्टरांना सांगून ठेवते म्हटलं. सांगितलंही. त्यांच्याकडे आधीच तीन दवाखाने होते.

काकूंनी त्या दिवशी चहा केला. जाताना त्यांनी माझ्या हातात तुपाची छोटी बरणी दिली. "आता काय, वाटणीला आलेलं निस्तरायचं," त्या म्हणाल्या, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी नुसती बरणी घेऊन उभी राहिले.

सोनपेठला येऊन आता वर्ष होत आलं. परवा काकूंचा फोन आला. लाल पुन्हा गाभण आहे, देवणी अजून उलटत राहते, गाभण ठरत नाही, कालवडीचं रक्त कुणी घेतलं नाही. जागा अजून रिकामीच आहे. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, की पंधरा दिवसांपासून संध्याकाळी अंग तापतं, पहाटे घाम येतो. मागच्या गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेवली आहे, त्याच पुन्हा आणून घेतल्या तर चालतील का.

मी म्हटलं, काकू, तसं करू नका, परभणीला जाऊन डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात जा, मी त्यांना फोन करते.

"जाते माय," त्या म्हणाल्या. "सोयाबीन निघालं की जाते."

सोयाबीन निघायला अजून दीड महिना होता.